डुलकी लागलेला मुलगा आणि उकळायचे थांबलेले हेलियम: हे शोध खरोखर अपघाती होते का?

मास्तरीणबाई (मूळ प्रश्न)

मी देवगड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. येत्या २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनानिमित्त, आठवी ते दहावीच्या मुलांपुढे तासभर बोलायचे आहे आणि विषय ठरला आहे 'ध्यानीमनी नसताना लागलेले शोध'. पेनिसिलिनची बुरशी आणि क्ष-किरणांचा पडदा या गोष्टी मुलांनी इतक्या वेळा ऐकल्या आहेत की मी तोंड उघडताच पुढचे वाक्य तीच म्हणतील. म्हणून स्थायू, द्रव आणि वायू या धड्यालाच धरून, त्या तिन्हींच्या ओळखीच्या वर्णनात न बसणाऱ्या एखाद्या अवस्थेची गोष्ट सांगावी असे मनात आले आणि वाचता वाचता मी द्रवरूप हेलियमपाशी येऊन थांबले.

अडचण अशी की वाचलेल्यातले खरे किती आणि रंगवलेले किती, हे मला ठरवता येत नाही. एका ठिकाणी असे वाचले की १९११ साली नेदरलँड्समधील लायडनच्या प्रयोगशाळेत दाबमापकावर लक्ष ठेवायला बसवलेल्या एका मुलाला डुलकी लागली, हेलियम हळूहळू तापत गेले आणि त्या डुलकीच्या कृपेने अतिसंवाहकतेचा, म्हणजे अतिथंडीत धातूचा विजेला होणारा रोध पार नाहीसा होण्याचा, शोध लागला. मुलांना ही गोष्ट भलतीच आवडेल, परंतु ती खरी आहे का? शिवाय २.१७ केल्विनच्या (म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम दोन अंशांच्या) खाली हेलियम 'अतिप्रवाही' होते म्हणजे नेमके काय होते, आणि तेही कोणाला चुकूनच दिसले का?

शेवटचा प्रश्न घरचा आहे. हेलियमचा शोध आमच्या विजयदुर्गावर लागला असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत आणि सहल नेली की किल्ल्यावरचे 'साहेबाचे कट्टे' मुलांना न चुकता दाखवतो. ते तरी बरोबर आहे ना?

शीतघर

बाई, हेलियमच्या द्रवीकरण यंत्राशेजारी माझी नोकरीची बावीस वर्षे गेली, त्यामुळे थोडा पाल्हाळ होईल, तो सहन करावा.

आधी डुलकी. ही गोष्ट लायडनच्या जुन्या मंडळींकडूनच पुढे आलेली आहे आणि तिच्यातला तपशील इतका नेमका आहे की ऐकणाऱ्याचा विश्वास बसावाच. हाइके कामर्लिंग ओनस यांनी आपल्या प्रयोगशाळेला जोडून उपकरणे बनवणाऱ्या कारागिरांची शाळा चालवली होती आणि तिथले विद्यार्थी निळ्या कामाच्या कपड्यांत वावरत, म्हणून त्यांना 'निळी पोरे' म्हणत. हेलियमच्या बाष्पाचा दाब वातावरणाच्या दाबापेक्षा किंचित कमी राखायचा, म्हणजे कुठे बारीक फट असलीच तर बाहेरची हवा आत शिरून गोठेल आणि फट आपोआप बुजेल; हे काम अशाच एका पोराकडे होते. त्याचा डोळा लागला, दाब वाढला, त्याबरोबर तापमान ४.२ केल्विनच्या पलीकडे गेले आणि विद्युतमापकावर बसलेल्या खिलेस होल्स्ट यांना नाहीसा झालेला रोध एकाएकी परत आलेला दिसला, अशी ती कथा.

मात्र ओनस यांच्या वह्या शिल्लक आहेत आणि त्या निराळे सांगतात. ८ एप्रिल १९११ रोजी पाऱ्याचा रोध सुमारे ३ केल्विनला 'जवळजवळ शून्य' झाल्याची पेन्सिलीने केलेली नोंद त्यात आहे. पुढे २३ मे रोजी त्यांनी पारा पायरीपायरीने तापवत नेला आणि ४.०० ला काही नाही, ४.०५ ला काही नाही, ४.१२ ला रोध दिसू लागला, अशा क्रमाने लिहून ठेवले. इतक्या बेताबेताने सीमा ओलांडणारा माणूस कुणाच्या डुलकीची वाट पाहत बसलेला नव्हता. त्यामुळे मुलांना ही गोष्ट सांगायचीच असेल तर आख्यायिका म्हणून सांगावी आणि लगेच वहीतली नोंद वाचून दाखवावी. माझ्या मते वहीच जास्त रंगतदार आहे.

यात अनपेक्षित काय होते, तेही नीट पाहायला हवे. रोध कमी होत जाईल हे ओनस यांना अपेक्षितच होते. केल्विन यांच्यासारखे काही जण म्हणत की अतिथंडीत इलेक्ट्रॉन अणूंना चिकटून बसतील आणि रोध उलट वाढेल. ओनस यांचे गणित सांगत होते की शुद्ध धातूत तो हळूहळू शून्याकडे जाईल. पारा त्यांनी एवढ्यासाठीच निवडला, कारण तो वारंवार ऊर्ध्वपातन करून कमालीचा शुद्ध करता येतो. म्हणजे शून्य त्यांना हवेच होते. ते कड्यावरून खाली पडावे तसे एकदम येईल, हे मात्र कोणाच्याच गणितात नव्हते. आरंभी त्यांना शंका आली ती कुठेतरी शॉर्ट सर्किट झाल्याची, आणि ती फेडायला त्यांनी पाऱ्याच्या नळीचा घाटसुद्धा बदलून पाहिला. पुढे १९१२ च्या डिसेंबरात साधे शिसे आणि कथीलही अतिसंवाहक असल्याचे दिसले, आणि एवढा खटाटोप करून पारा शुद्ध केला नसता तरी चालले असते हेही उघड झाले.

आता ज्या भागासाठी मी लिहायला बसलो तो. त्याच ८ एप्रिलच्या दिवशी प्रयोग संपत आला असताना आणखी एक नोंद झाली आहे: तापमान सर्वांत खाली पोचण्याच्या थोडेसे आधी हेलियमचे उकळणे एकाएकी थांबले आणि त्याऐवजी नुसत्या पृष्ठभागावरून झपाट्याने बाष्पीभवन होऊ लागले. तेवढेच. त्यावर विचार नाही, प्रश्नचिन्ह नाही. आज आपण जाणतो की त्या मंडळींच्या डोळ्यांसमोर हेलियम अतिप्रवाही, म्हणजे घर्षणाविना वाहणारे, झाले होते. म्हणजे पदार्थाच्या दोन अभूतपूर्व अवस्था एकाच दिवशी, एकाच भांड्यात प्रकट झाल्या, त्यांपैकी एकीला नोबेलपर्यंतची वाट मिळाली आणि दुसरी वहीत पडून राहिली ती पाव शतकाहून अधिक काळ.

हे उकळणे थांबणे मी स्वतः कितीतरी वेळा पाहिले आहे आणि अजून त्याची सवय झालेली नाही. जुन्या पद्धतीच्या काचेच्या ड्युअर पात्राला (थर्मॉससारख्या दुहेरी भिंतीच्या भांड्याला) चांदीचा मुलामा देताना बोटभर रुंदीची उभी पट्टी कोरी सोडतात. आत काय चालले आहे ते तेवढ्या फटीतून दिसते. हेलियम इतके पारदर्शक आणि हलके असते (घनता पाण्याच्या सुमारे एक-अष्टमांश) की त्याची पातळी डोळ्यांना मुश्किलीने सापडते. स्वतः ओनस यांनी १० जुलै १९०८ रोजी जगातले पहिले द्रवरूप हेलियम बनवले तेव्हाही पात्रात द्रव जमला आहे हे आधी कुणाच्या लक्षात आले नाही. भेटीला आलेल्या एका सहकाऱ्याने खालून प्रकाश टाकून पाहा असे सुचवले, तेव्हा कुठे पृष्ठभागाची रेघ दिसली. पंप लावून बाष्प ओढू लागले की द्रव खदखदतो, बुडबुड्यांनी सगळी पट्टी गढूळ होते आणि दाबमापकाचा आकडा उतरत जातो. पाऱ्याच्या ३८ मिलिमीटरच्या आसपास तो आला की एका क्षणी सगळे बुडबुडे नाहीसे होतात. पंपाची घरघर तशीच चालू असते, आणि द्रव मात्र काचेसारखा स्तब्ध होऊन नुसता खाली खाली जात राहतो. पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक विद्यार्थी वळून विचारतो, 'सर, पंप बंद पडला का?'

कारण असे आहे. बुडबुडा होण्यासाठी द्रवात कुठेतरी एखादा ठिपका आजूबाजूपेक्षा थोडा अधिक गरम व्हावा लागतो. २.१७ केल्विनच्या खालचे हेलियम उष्णता इतक्या झटपट वाहून नेते, की खोलीच्या तापमानातले तांबेसुद्धा त्याच्यापुढे शेकडो पटींनी मागे पडते. मग गरम ठिपका तयार व्हायलाच उसंत मिळत नाही आणि सगळे बाष्पीभवन वरच्या वर होते. ही उष्णतावाहकता लायडनमध्येच विलेम केसोम आणि त्यांची कन्या आना यांनी १९३० च्या दशकाच्या मध्याला मोजली. त्याआधी १९३२ मध्ये केसोम आणि क्लुसिउस यांना विशिष्ट उष्णतेच्या आलेखात ग्रीक 'लॅम्डा' अक्षरासारखे टोक मिळाले होते, म्हणून या तापमानाला आजही लॅम्डा बिंदू म्हणतात. इतके सारे हाताशी असूनही 'हा द्रव घर्षणाविना वाहतो का' हा प्रश्न लायडनने विचारला नाही. तो विचारला मॉस्कोत प्योत्र कापित्सा यांनी आणि केंब्रिजमध्ये ॲलन व मायझनर यांनी. कापित्सा यांनी घासून गुळगुळीत केलेल्या दोन काचेच्या चकत्यांमधल्या फटीतून हेलियम जाऊ दिले, ॲलन यांनी केसासारख्या बारीक नळ्यांतून, आणि दोघांचेही निबंध 'नेचर'च्या ८ जानेवारी १९३८ च्या एकाच अंकात छापून आले.

सड्यावरचा

विजयदुर्गाविषयी मी सांगतो, कारण मीही त्याच बाजूचा आहे आणि ही चूक वर्षानुवर्षे मीसुद्धा अभिमानाने सांगत आलो होतो.

१८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसले हे खरे. फ्रेंच निरीक्षक जान्सेन त्यासाठी गुंटूरला तळ ठोकून होते आणि आपल्याकडे जवळचे म्हणाल तर लेफ्टनंट हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात होते. कट्ट्यांवरचे 'साहेब' म्हणजे इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर, ते मात्र त्या वेळी इंग्लंडमध्येच होते. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाला ग्रहण नसतानाही वर्णपटदर्शकातून पाहता येतील ही कल्पना जान्सेन यांना गुंटूरला सुचली आणि लॉकियर यांनी ती स्वतंत्रपणे २० ऑक्टोबरला आपल्या देशात पडताळली. सोडियमच्या जोडरेषेशेजारची पण तिच्याशी न जुळणारी, ५८७.५ नॅनोमीटरची पिवळी रेषा एखाद्या अज्ञात मूलद्रव्याची असावी, हा तर्क लॉकियर यांचा.

मग साहेबाचे कट्टे कुठून आले? लॉकियर विजयदुर्गावर खरोखरच आले होते, पण तीस वर्षांनंतर, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. त्याच ग्रहणासाठी पुण्याहून प्राध्यापक नायगमवाला आणि अमेरिकेतील लिक वेधशाळेची तुकडी करमाळ्याकडच्या जेऊरला गेली होती. तोवर हेलियम पृथ्वीवरही सापडून तीन वर्षे झाली होती. तेव्हा कट्टे जरूर दाखवा, ते एका मोठ्या वैज्ञानिकाच्या पायाने पुनीत झालेले आहेत. फक्त त्यांच्यावर चढवलेली तारीख बदला. जाता जाता तुमच्या विषयाला उपयोगी पडेल असे: १८९५ मध्ये विल्यम रॅम्झी यांनी क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमच्या खनिजातून वायू काढला तो आर्गॉन मिळेल या आशेने, आणि हाती लागले हेलियम.

मास्तरीणबाई

दोघांचेही मनापासून आभार. विजयदुर्गाचे वाचून थोडे वाईट वाटले, पण मुलांपुढे चुकीचे बोलण्यापेक्षा हे बरे.

आता माझी खरी पंचाईत झाली आहे. डुलकी गेली, विजयदुर्ग गेला. ओनस यांनी सगळे ठरवून केले आणि कापित्सा यांनीही ठरवूनच केले. मग माझ्या व्याख्यानाच्या शीर्षकाचे काय करू? शीतघर यांच्या म्हणण्याचा रोख मला असा दिसतो की अपघात असा काही नसतोच.

रात्रपाळी

शीतघर यांच्या रोखाशी मी पूर्णपणे सहमत नाही. अपघात असतात, फक्त ते जिथे सांगितले जातात तिथे नसतात. हेलियमचाच दुसरा समस्थानिक घ्या.

हेलियम-३ हे अणुकेंद्रात एक न्यूट्रॉन कमी असलेले दुर्मिळ हेलियम. साध्या हेलियमचे अणू बोस यांच्या सांख्यिकीप्रमाणे वागतात, म्हणून ते मोठ्या संख्येने एकाच अवस्थेत गोळा होऊ शकतात. हेलियम-३ च्या अणूंना तशी मुभा नाही. अतिसंवाहकातले इलेक्ट्रॉन जसे जोड्या जमवतात तशा यांनीही जमवल्या तरच ते अतिप्रवाही होणार, आणि अशी जोडी कोणत्या तापमानाला जमेल याचे अंदाज इतक्या वेळा चुकले होते की बऱ्याच जणांनी नाद सोडला होता. १९७१ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात डेव्हिड ली आणि रॉबर्ट रिचर्डसन यांच्या हाताखाली डग्लस ओशेरॉफ नावाचा संशोधक विद्यार्थी काम करत होता. त्याचे लक्ष्य द्रव नव्हतेच. त्याला गोठलेल्या हेलियम-३ मधली चुंबकीय रचना हवी होती. हेलियम-३ चा एक विचित्र गुण असा की अतिथंड अवस्थेत त्याला दाबून गोठवले तर ते आणखी थंड होते, आणि त्याचे उपकरण याच गुणावर चालत होते.

त्या नोव्हेंबरात प्रयोगशाळेतले चुंबक वापरण्याची त्याची पाळी नव्हती. हातावर हात धरून बसण्यापेक्षा आपले तापमान मोजण्याचे तंत्र सुधारू या, एवढ्याच हेतूने त्याने हेलियम एका संथ गतीने दाबत नेले आणि दाबाचा आलेख कागदावर उमटू दिला. त्या रेघेचा चढ एका ठिकाणी किंचित बदलला. त्याहून खालच्या तापमानाला आणखी एक बारीकसा झटका दिसला. हे घडले २.७ आणि १.८ मिलिकेल्विनच्या आसपास, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या काही सहस्रांशांवर. असा वाकडेपणा दिसला की उपकरणात काहीतरी सरकले असे म्हणून कागद गुंडाळून ठेवण्याची आपल्या सर्वांची रीत असते. या गड्याने तो प्रयोग पुन्हा केला आणि तो वाकडेपणा बरोबर त्याच दाबाला पुन्हा आला.

गंमत पुढेच आहे. १९७२ च्या पहिल्या निबंधात या तिघांनी ही स्थायू हेलियम-३ ची नवी अवस्था असल्याचे सुचवले, कारण शोध स्थायूचाच चालला होता. मग चुंबकाची पाळी आली, केंद्रकीय चुंबकीय अनुनादाच्या साहाय्याने भांड्याच्या कोणत्या भागातून संकेत येतो हे पाहिले, तेव्हा बदल द्रवात होत असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. २० एप्रिलच्या पहाटे पावणेतीनच्या सुमारास ओशेरॉफने वहीत त्याची नोंद केली. १९९६ चे नोबेल याच कामाला आहे. चुंबकाची पाळी वेळेवर मिळाली असती, तर तो आलेख त्या दिवशी त्या गतीने काढला गेला नसता. याला अपघात म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे?

शीतघर

मान्य. ओशेरॉफचे उदाहरण माझ्याही मनात होते, पण मी ते मुद्दाम टाळले, कारण त्यात मुलांना समजावण्यापूर्वी बरेच काही समजवावे लागते. माझा आक्षेप 'अपघात' या शब्दाला नव्हता, डुलकीसारख्या स्वस्त अपघाताला होता. लायडनच्या लोकांना अपघात भेटला, तो त्यांनी लिहूनही ठेवला आणि पुढे निघून गेले. ओशेरॉफने रेघेतला वाकडेपणा सोडला नाही. हा फरक बाईंनी मुलांपुढे ठेवला तर शीर्षक बदलण्याची गरज नाही.

वर्गात सांगायला सोपा असा एक अस्सल अपघात मात्र केंब्रिजमध्ये घडला. १९३८ च्या आरंभी ॲलन हे कुरुंदाची बारीक पूड ठासून भरलेली नळी अतिप्रवाही हेलियममध्ये धरून प्रयोग करत होते. आतले नीट दिसावे म्हणून त्यांनी खिशातल्या विजेरीचा झोत तिच्यावर टाकला आणि नळीच्या वरच्या तोंडातून हेलियमचे कारंजे उडाले. विजेरीच्या प्रकाशाने पूड नाममात्र तापली होती, आणि अतिप्रवाही हेलियम थंडीकडून उष्णतेकडे धाव घेते, तेही ज्या फटींतून साधा द्रव झिरपणार नाही अशा फटींतून.

कुलाबा दांडी

विषय जुळतो म्हणून मुंबईचे एक उदाहरण जोडतो, कारण अशा याद्यांत ते सहसा नसते.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि आयआयटी मुंबईत यिट्रियम, निकेल आणि बोरॉन यांच्या संयुगांचा अभ्यास चालला होता. निकेल हे चुंबकीय स्वभावाचे मूलद्रव्य, त्यामुळे अतिसंवाहकतेच्या दृष्टीने त्याच्याकडून कोणी आशा करत नसे. तरीही एका नमुन्यात १२ केल्विनच्या जवळ अतिसंवाहकतेच्या खुणा दिसल्या. खुणा क्षीण होत्या, म्हणजे नमुन्याचा थोडासाच भाग तसा वागत होता. अशा वेळी 'अशुद्धी असेल' हे उत्तर तयारच असते आणि इथे ते चक्क बरोबर होते, फक्त त्या मंडळींनी तिथे न थांबता अशुद्धी कोणती याचा पाठपुरावा केला. ती निघाली कार्बन. मग कार्बन मुद्दाम घातला, तेव्हा सगळाच नमुना अतिसंवाहक झाला आणि १९९४ मध्ये यिट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांचे चौमूलद्रव्यी संयुग जगापुढे आले. त्याच सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळांनीही याच कुळातली संयुगे प्रसिद्ध केली. यातल्या काही संयुगांत चुंबकत्व आणि अतिसंवाहकता एकाच स्फटिकात नांदतात, म्हणून त्यांच्यावर पुढे खूप काम झाले.

नववीतल्या मुलाला अणूंची जोडी समजणार नाही, पण भेसळ कोणती हे शोधून काढल्याची गोष्ट नक्की समजेल.

मास्तरीणबाई

आता साहित्य तासाभरापेक्षा जास्त झाले आहे. ओनस यांची वही, विजेरी आणि कुलाब्याची भेसळ हे तिन्ही घेते. एकच शंका उरली. अतिप्रवाही हेलियम पेल्याच्या काठावरून स्वतःहून चढून बाहेर येते असे वाचले. पाण्याने भरलेल्या पेल्यात ओली सुती पट्टी सोडून तिचे दुसरे टोक बाहेर लोंबते ठेवले तर पाणी बाहेर ठिबकते. मुलांना कल्पना यावी म्हणून हे दाखवले तर चालेल का?

शीतघर

चालेल, आणि तुम्हाला वाटते त्याहून ते अधिक जुळते. पट्टीचे बाहेरचे टोक पेल्यातल्या पाण्याच्या पातळीखाली असेपर्यंतच पाणी ठिबकते, हे तुम्ही पाहिले असेल. हेलियमही तसेच नेहमी खालच्या पातळीकडे जाते. हेलियमच्या हौदात बुडवून वर उचललेला पेला थेंब थेंब गळून रिकामा होतो आणि तोच पेला अर्धा बुडता धरला तर आतली आणि बाहेरची पातळी सारखी होताच ओघळ थांबतो.

फरक एवढाच सांगा की तिथे पट्टी नसते. काचेला चिकटलेला हेलियमचा पापुद्रा, जाडीने मिलिमीटरच्या सुमारे तीस हजाराव्या भागाएवढा, तोच पट्टीचे काम करतो. पाण्याचाही असा पापुद्रा काचेवर बसतो, पण इतक्या पातळ थरातून घर्षणामुळे ते हलूच शकत नाही. पट्टी मात्र मुले यायच्या आधीच भिजवून ठेवा. कोरी पट्टी भिजायला वेळ घेते आणि तोवर मागच्या बाकांवर चुळबुळ सुरू होते.